गोदाचं रडणं

सबीहानं खुर्ची टीव्हीपुढं ओढली, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि शकुनच्या चेहऱ्यावर सुरकुत्या शोधायला सुरुवात केली.

सापडल्या. डोळ्यांच्या कडेला होत्या, वरच्या ओठावरही बारीक होत्या. गळ्याची कातडी सैल पडली होती. इथवर सगळं समाधानकारक होतं. पण मग कॅमेरा जरा मागे गेला आणि शकुनचे खांद्यापर्यंत कापलेले केस दिसले. पांढरे, एकही रंगवलेला नाही, आणि तिला शोभत होते. सबीहा दर तीन आठवड्यांनी मेंदी भिजवायची, डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून अर्धा रविवार घालवायची, तरी कानशिलाजवळ पांढरं डोकावायचंच. आणि ही मेली पांढऱ्या केसांतही चांगली दिसत होती.

"अम्मी, बाजूले हो ना. मले काईच दिसून नाई राहिलं," सोफ्यावरून तहरीम म्हणाली.

"मी काय पडदा झाकला का?"

"अख्खा झाकला."

सबीहानं खुर्ची वीतभर सरकवली. या घरात लाडाचं बोलणं उर्दूत व्हायचं आणि भांडणाचं वऱ्हाडीत. त्या दिवशी सकाळपासून वऱ्हाडीच सुरू होती.

माहितीपट तीन भागांचा होता आणि तो चंद्रभान वाकोडेंवर होता. वाकोडे सर म्हणजे वऱ्हाडातून उठून देशभर गाजलेले दिग्दर्शक. चार बायकांनी कॅमेऱ्यासमोर बसून, नाव किंवा चेहरा न लपवता, सरांनी आपल्याशी काय केलं ते सांगितलं होतं. शुक्रवारी माहितीपट आला आणि रविवारपर्यंत अमरावतीत दुसरा विषय उरला नव्हता. दुसऱ्या भागात शकुन होती. एकतीस वर्षांपूर्वी सरांच्या 'रेच्यावरची गोदा' या पहिल्या सिनेमात गोदा झालेली शकुन. त्यानंतर तिनं एकही सिनेमा केला नव्हता, तरी आजही वऱ्हाडात कुणी शकुन म्हटलं की लोक म्हणत, कोण, गोदा का?

"रडण्याचा सीन सगळ्यांना माहीत आहे," पडद्यावर शकुन सांगत होती. तिचं मराठी अजूनही तसंच, अमरावतीच्या कॅम्पातल्या प्राध्यापकाच्या घरातलं, इस्त्री केलेलं. "गोदाचा नवरा रेच्यात, कापसातून सरकी काढायच्या यंत्रात, सापडून गेलेला असतो. ती जिनिंगच्या अंगणात गोधडी पांघरून बसलेली असते. सर माझ्या शेजारी बसले, फ्रेमच्या बाहेर. म्हणाले, तुला रडू येत नाही, मी मदत करतो. गोधडीखाली त्यांचा हात होता. मी त्यांना हात काढायला सांगितलं. तोंडानं सांगितलं. कॅमेरा सुरूच राहिला. तुम्ही जे रडणं बघता, तो अभिनय नाही."

ती समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायली.

"मी काय म्हणाले ते सिनेमात ऐकू येत नाही. तिथं दुसरा आवाज आहे."

दुसरा आवाज! सबीहाच्या डोक्यात सणक गेली. नाव नाही घेतलं. आजही नाही. एकतीस वर्षांनी सगळ्या जगापुढं बोलायला बसली, सगळ्यांची नावं घेतली, कॅमेरामनचं घेतलं, चहा देणाऱ्या गंगूबाईचंही घेतलं, आणि माझ्या वाट्याला 'दुसरा आवाज'. शकुनच्या बोलण्यातलं सबीहाला सगळ्यात आधी काय टोचलं असेल तर ते हे. बाकीचं मागाहून आलं.

पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं उमटली. वाकोडेंच्या वकिलांचं म्हणणं होतं ते. सेटवर चाळीस माणसं हजर होती. त्यांपैकी कुणीही असं काही पाहिलेलं किंवा ऐकलेलं नाही. शूटिंगच्या वेळचा मूळ आवाज आता अस्तित्वात नाही.

तहरीमनं डोळे पुसले. चोवीस वर्षांची मुलगी, कोचिंग क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवायची, एरवी आईच्या आजारपणातही डोळ्यांतून टिपूस न काढणारी.

"काय डेरिंग हाय या बाईत," ती म्हणाली. "मले त भेटावंसं वाटून राहिलं तिले."

"जा मंग. भेट," सबीहा म्हणाली आणि कुकर लावायला उठली. शिट्टी होईपर्यंत ती ओट्याशी नुसती उभी होती. पोटच्या पोरीलाही शकुनच आवडावी, हे तिला फार लागलं होतं.

*

सबीहा बाळापूरची. वडील इनायतुल्ला यांचं सतरंज्यांचं दुकान होतं. ती अमरावतीला कॉलेजात आली, आकाशवाणीवर अधूनमधून निवेदन करायला लागली आणि वाकोडे सरांनी भरवलेल्या अभिनयाच्या शिबिरात शकुनच्या शेजारच्या सतरंजीवर बसली. गोदाच्या भूमिकेसाठी शेवटी दोघीच उरल्या होत्या. सबीहाला वाटलं होतं, आपलंच होणार. इनायतुल्लांना तर इतकी खात्री की त्यांनी अकोल्याहून हिरवं नऊवारी लुगडं आणून ठेवलं. रहिमाबी, सबीहाची आई, ते लुगडं स्वतःला लावून आरशापुढं हसत सुटली होती.

सरांनी शकुनला निवडलं. कारण विचारायला सबीहा गेली तेव्हा ते म्हणाले, "तुझं काम चांगलं आहे. पण कॅमेऱ्याला तिचा चेहरा आवडतो." कॅमेऱ्याच्या आवडीनिवडीवर काय वाद घालणार?

शूटिंग बाळापूरलाच झालं, बंद पडलेल्या एका जिनिंगमध्ये. सबीहाच्या माहेरापासून चालत दहा मिनिटांवर. ती एकदाही बघायला गेली नाही.

मग चार महिन्यांनी सरांचा निरोप आला. शकुनचं वऱ्हाडी ऐकवत नव्हतं. 'मले' म्हणताना पुस्तकातून वाचल्यासारखं म्हणायची. गोदा सरकी वेचणारी बाई, तिच्या तोंडी ते शोभेना. आवाज दुसरा हवा होता. सबीहा मुंबईला गेली, आठ दिवस एका स्टुडिओत उभी राहिली आणि गोदाचा शब्दन्‌ शब्द बोलली.

डबिंगची रीत अशी की शूटिंगच्या वेळचा कच्चा आवाज, ज्याला पायलट म्हणतात, तो हेडफोनमधून कानात सोडतात. समोर दीड-दोन मिनिटांचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवतात. पायलट ऐकत, पडद्यावरचे ओठ बघत आपण बोलायचं. जमलं की आपला आवाज सिनेमात बसतो. पायलटचं काम तिथं संपतं.

रडण्याचा तुकडा सहाव्या दिवशी आला. सबीहाच्या हातातल्या कागदावर एकच वाक्य होतं. "उठा नं जी, भोंगा झाला." पुढं कंसात 'रडते'. पण कानात वेगळंच येत होतं. कानात शकुन म्हणत होती, "सर, हात काढा ना."

सबीहानं काचेपलीकडं पाहिलं. सर तिथं बसले होते.

"कानातलं सोड, कागदावरचं बोल," ते म्हणाले. "पायलट खराब आहे तो."

तुकडा तिशीच्या वर वेळा फिरला. तितक्या वेळा सबीहानं ते ऐकलं. आणि ऐकताना तिला काय वाटलं? शकुनची कीव आली? भीती वाटली? नाही. ती जळली. सर हिच्या इतक्या जवळ बसतात, आणि ही बघा कशी लाडात येऊन हात काढा म्हणते, असं तिला वाटलं. आवाजात लाडाचा मागमूस नव्हता. ज्या मुलीला कुणाच्याही बोलण्यातला गावाचा हेल ओळखू यायचा, निवेदनातला श्वास कुठं तुटला ते सांगता यायचं, तिला एवढं कळू नये? कळायला जागाच नव्हती. सगळी जागा हेव्यानं भरलेली होती. त्या रागातच ती अशी काही रडली की काचेपलीकडच्या माणसांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

सिनेमाला मोठमोठी बक्षिसं मिळाली. नावांच्या पाटीत सबीहाचं नाव नव्हतं. "आवाज दुसरीचा आहे कळलं तर लोकांची मजा जाईल," असं सरांनी समजावलं होतं.

अमरावतीला परतल्यावर सबीहानं हॉस्टेलमधल्या तिघी मैत्रिणींना सांगितलं, "शकुनले रोल कसा भेटला, मले माहीत हाय. सरायचं अन्‌ तिचं जमलं हाय. मी कानानं ऐकलं." गोष्ट आठवड्यात कॉलेजभर झाली आणि महिन्यात कॅम्पापर्यंत पोचली. वर्षाच्या आत शकुनच्या वडिलांनी बदली मागून घेतली. सबीहाला थोडं चुकल्यासारखं वाटलं होतं. बरंही वाटलं होतं.

मग लग्न झालं, मुलगी झाली, उर्दू हायस्कुलात मराठीच्या मास्तरणीची नोकरी झाली. गोदाचं रडणं मात्र सबीहानं सांभाळून ठेवलं. शादीब्याहात बायका जमल्या की कुणीतरी म्हणायचं, सबीहाआपा, वो रोके दिखाओ ना. ती आधी नाही नाही म्हणायची, मग पदर डोक्यावर घेऊन रडायची. पाच मिनिटांत अर्ध्या बायका रडायला लागायच्या, नवरीसुद्धा. जगाला माहीत नसलं तरी पाहुण्यारावळ्यांना माहीत होतं की वऱ्हाडातली सगळ्यात गाजलेली रडणारी बाई ही आपल्या घरातली आहे.

*

सोमवारी दुपारी उत्तमरावांचा फोन आला. हे निवृत्त प्राध्यापक, अमरावतीच्या चित्रप्रेमी मंडळाचे अध्यक्ष. 'रेच्यावरची गोदा' पुन्हा दाखवायचा कार्यक्रम त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच ठरवला होता, पुढच्या रविवारी सकाळचा. आता माहितीपटामुळं पंचाईत झाली होती. रद्द करा म्हणणारी पत्रं आली होती, रद्द केलात तर राजीनामा देतो म्हणणारीही आली होती.

"मॅडम, माझं म्हणणं असं की सिनेमा काही एका माणसाचा नसतो," उत्तमराव म्हणाले. "कितीतरी लोकांचे कष्ट असतात त्यात. तुमचेच घ्या. गोदाचा आवाज तुमचा होता, हे मला परवाच सिनेमाच्या युनिटमध्ये असलेल्या खुशालरावांकडून समजलं. मी थक्क झालो. तीस वर्षं तुम्ही गप्प बसलात?"

"कुनी इचारलंच नाई, सर," सबीहा म्हणाली. आणि मग मास्तरीण जागी होऊन, "म्हणजे, विषय निघाला नाही कधी."

"आता निघू द्या. आम्ही तुमचा सत्कार करतो. तुम्ही मंचावर तो सीन करा. मागे चित्र चालेल, आवाज बंद. तुम्ही माइकवर जिवंत बोलायचं. लोकांना कळू द्या की सिनेमा बंद पाडणं म्हणजे तुमच्यासारख्या कलावंताचा गळा दाबणं आहे. येता ना?"

सबीहानं फोन दुसऱ्या कानाला लावला. हे वाक्य ऐकायला ती एकतीस वर्षं थांबली होती. कधी वाटायचं, वर्तमानपत्रात छापून येईल. कधी वाटायचं, सर एखाद्या मुलाखतीत सांगून टाकतील.

"येते," ती म्हणाली.

नवऱ्याला, मोहसीनला, तिनं जेवताना सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, मी दुकान बंद ठेवतो, सगळं मोबाइलवर घेतो. तहरीमनं ताटातली भाकरी मोडायची थांबवली.

"तू जाऊन राहिली?"

"काहून? जाऊ नाई?"

"त्या मानसासाठी?"

"त्याच्यासाठी नाई. माह्यासाठी. माहा बी सिनेमा हाय तो."

तहरीमनं ताट जरा पुढं सारलं. मग हळू विचारलं, "अम्मी, डबिंगच्या टायमाले कानात मूळ आवाज येत असते ना? तूच सांगतलं होतं मले."

"येत असते."

"मंग तुले ऐकू आलं असन. थे काय म्हणाली ते."

"एकतीस वर्षं झाली, तहरीम. कोनाले आठवते?"

"बाकी त तुले सगळं आठवते. लुगड्याचा काठ बी आठवते."

"जेव चूपचाप," सबीहा म्हणाली. मोहसीननं दोघींकडं पाहिलं आणि लोणच्याची बरणी उगाचच इकडून तिकडं ठेवली.

"मी नाई येनार रविवारी," तहरीम म्हणाली.

"नको येऊ."

*

सराव करणं भाग होतं. शादीतलं रडणं वेगळं, तिथं ओठ जुळवावे लागत नाहीत. बुधवारी शाळेतून आल्यावर सबीहानं तहरीमचा लॅपटॉप स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला, मंडळाच्या सचिव प्राजक्तानं पाठवलेला तुकडा लावला आणि आवाज बंद केला.

गोदा अंगणात बसलेली. गोधडी खांद्यापासून पायापर्यंत. चेहरा अर्धवट वळलेला.

सबीहानं तोंड उघडलं आणि अडखळली. पुन्हा लावलं, पुन्हा अडखळली. आपलं रडणं आठवायला गेली की आधी कानात शकुन यायची. ती शिकलीच तशी होती. आधी पायलट, मग आपण. पायलटवाचून तिला सुरुवातच सापडेना, आणि पायलट जसाच्या तसा होता, एकेका श्वासासकट. विसरलेलं काहीच नव्हतं.

तिला शकुनचा भयंकर राग आला. आपल्या घरात, आपल्या टेबलाशी, आपलं एकुलतं एक काम करतानाही ही मधे मधे का येते?

ती चहा करून पुन्हा बसली. एक जुनी सवय तिला होती, कुणाला न सांगितलेली. हा सीन बघताना ती शकुनचा चेहरा पुसून तिथं आपला ठेवायची. बाळापूरच्या त्या अंगणात आपण बसलोय, गोधडी आपल्या अंगावर आहे, उजेड आपल्या गालावर पडलाय. कितीदा तरी तिनं हे केलं होतं आणि दरवेळी तिला आपण शकुनपेक्षा बरं केलं असतं असं वाटलं होतं. आताही तिनं तसंच केलं. चेहरा बसवला, उजेड बसवला. आणि मग, माहितीपट पाहिलेला असल्यामुळं, तिला गोधडीखाली हातही ठेवावा लागला.

तिनं गुडघे जवळ घेतले. टेबलाखाली, साडीच्या आत, भर दुपारी, स्वतःच्या घरात.

निवड झाली असती तर तो हात आपल्या मांडीवर असता. बाहेर चाळीस माणसं असती. आपण सर, हात काढा म्हणालो असतो, कदाचित वऱ्हाडीत म्हणालो असतो. आणि चार महिन्यांनी मुंबईत कुणीतरी पोरगी कानाला हेडफोन लावून आपलं बोलणं ऐकत, आपल्या नावानं जळत, त्यावर मोठ्यानं रडली असती. मग गावी जाऊन तिनं मैत्रिणींना काय सांगितलं असतं?

लॅपटॉपवर तुकडा संपून पुन्हा सुरू झाला होता. सबीहानं तो बंद केला नाही. आवाज नसलेलं ते चित्र ती बघत राहिली, चहा गार होईपर्यंत. पुढचे तीन दिवस शाळेतून आली की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि लॅपटॉप उघडायची. आतून रडण्याचा आवाज येत नाही म्हणून मोहसीनला काळजी वाटली.

"गळा बसला का तुमचा?" त्यानं विचारलं.

"नाई," ती म्हणाली. "पाठ करून राहिली."

*

रविवारी सकाळी सबीहा पिस्ता रंगाची साडी नेसून मोहसीनच्या स्कूटरवर बसली. हॉल गच्च भरलेला होता. मागच्या भिंतीशी कॉलेजच्या दहा-बारा मुली हाताची घडी घालून उभ्या होत्या, निषेध म्हणून बसायला तयार नव्हत्या. पुढच्या रांगेत शहरातली जाणती मंडळी होती. त्यांतल्या दोघातिघांनी वाकोडे सरांच्या हातून कधीकाळी पुरस्कार घेतले होते.

प्राजक्ता लॅपटॉपशी होती. सबीहा तिच्याजवळ गेली.

"तुकडा जरा आधीपासून लावजो. गोधडी घेते तिथून. अन्‌ पूर्ण जाऊ दे, मधात थांबवू नको."

"हो मॅडम. टेन्शन नका घेऊ."

उत्तमराव चांगलं बोलले. कलाकृती आणि कलावंत यांवर बोलले, न्यायालयाच्या आधी निकाल देण्याच्या घाईवर बोलले, प्रेक्षकाच्या जबाबदारीवर बोलले. प्रेक्षकाची जबाबदारी म्हणजे चांगल्या कामाच्या पाठीशी उभं राहणं, असं त्यांचं म्हणणं होतं. मागच्या मुलींपैकी एकीनं मोठ्यानं "अन्‌ बायांच्या?" असं विचारलं. उत्तमरावांनी हात वर करून तिला शांत केलं आणि आवाज चढवला.

"ज्या रडण्यानं या शहराला तीस वर्षं रडवलं, ते रडणं आज इथं बसलंय!"

टाळ्या वाजल्या. खोट्या नव्हत्या. लोक माना वळवून वळवून बघत होते, एक म्हातारी बाई उभी राहून हात जोडत होती. शाल खांद्यावर आली, नारळ हातात आला. सबीहाला आनंद झाला. फार झाला. तिनं तो लपवलाही नाही. नारळ खुर्चीवर ठेवायला तिला उगाच वेळ लागला, कारण टाळ्या थांबल्या नव्हत्या आणि त्या थांबू नयेत असं तिला वाटत होतं. तिसऱ्या रांगेत मोहसीन मोबाइल उंच धरून उभा होता.

मग दिवे मालवले.

ती माइकसमोर, पडद्याच्या बाजूला, अर्धी वळून उभी राहिली. शकुन पडद्यावर आली. एकवीस वर्षांची, भिंतीएवढी मोठी. किती सुंदर होती मेली, सबीहाच्या मनात आलं, आणि जुनी कळ उठली, अगदी नेहमीच्या जागी. ती जाणार नव्हती. सबीहानं ती असू दिली.

गोदानं गोधडी ओढून घेतली. एक श्वास. दुसरा. तिसऱ्याला ओठ उघडतात.

"सर," सबीहा म्हणाली.

आवाज गोदाचा नव्हता. वऱ्हाडी नव्हता. कॅम्पातल्या प्राध्यापकाच्या मुलीचा होता, घाबरलेला आणि तरीही सभ्य राहायला धडपडणारा.

"सर, हात काढा ना."

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. बिचारीची ओळ चुकली, असं समजून हसलं असावं. पडद्यावरचे ओठ मिटले आणि पुन्हा उघडले.

"सगळे आहेत इथं, सर. प्लीज."

हसणारा माणूस गप्प झाला. पडद्यावरचे ओठ नेमके तेवढेच हलत होते, सगळ्यांना दिसत होतं. शकुननं मान बाजूला वळवली, ज्या बाजूला फ्रेम संपत होती त्या बाजूला, आणि सबीहानंही आवाज तिकडं वळवला.

"मला नाही जमत. मी घरी जाते. सर, मला घरी जाऊ द्या."

मागच्या मुलींनी हाताच्या घड्या सोडल्या होत्या. मोहसीनचा मोबाइल खाली आला होता. मंचावरून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि उत्तमराव दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, अहो, हे काय?" मग त्यांनी अंधारात प्राजक्ताकडं हातानं खूण केली. बंद कर.

प्राजक्ताचं बोट लॅपटॉपवर गेलं आणि तिथंच राहिलं. तिनं सबीहाकडं पाहिलं.

"थांबवू नको, प्राजक्ता," सबीहा माइकमध्येच म्हणाली, आता स्वतःच्या आवाजात. "अजून हाय."

आणि ती पडद्याकडं वळली. शकुन पुढचा श्वास घेत होती.